अमेरिकेतला स्पॅनिश रेडिओ आजकालचा नाही

‘अमेरिकेतली स्पॅनिश रेडिओ केंद्रं अलीकडच्या स्थलांतरितांमुळे सुरू झाली,’ असा मजकूर अधूनमधून फिरतो. तसं वाटणं स्वाभाविक आहे, कारण आज ती केंद्रं भरपूर आहेत.

पण टेक्सासमधलं सॅन अँटोनियो घ्या. ते स्पॅनिशांनी १७१८ मध्ये वसवलं आणि १८३६ पर्यंत टेक्सास मेक्सिकोचाच भाग होता. म्हणजे तिथे स्पॅनिश आधीची, इंग्रजी नंतरची. रेडिओ आला तेव्हा श्रोते होतेच; परवाने मात्र बहुतेक इंग्रजी मालकांकडे. ते भल्या पहाटेची, एरवी न खपणारी वेळ विकायचे. मध्यस्थ ती घेऊन स्थानिक दुकानदारांच्या जाहिराती जमवायचे, मेक्सिकन गाणी लावायचे. हे १९२०-३० च्या दशकांतलं. मजूर त्याच वेळी कामाला निघायचे, त्यामुळे ही टाकाऊ वेळ चांगलीच चालली! पुढे १९४६ मध्ये याच शहरात मेक्सिकोत जन्मलेल्या मालकाचं पूर्णवेळ स्पॅनिश केंद्र सुरू झालं.

पडताळायचंय? अमेरिकी परवान्यांची १९२७ ते १९८१ दरम्यानची जुनी नोंदपत्रं ऑनलाइन पाहता येतात. त्यांतून मालकी कळते. कार्यक्रमांच्या भाषेसाठी मात्र त्या काळच्या वृत्तपत्रांतली रेडिओची वेळापत्रकं चाळावी लागतात, तीही पहाटेच्या रकान्यापासून.