फिर्यादी मुलगी चेटकीण कशी झाली

काचेच्या पेल्यात अंडं सोडायचं आणि त्यात उमटणाऱ्या आकारावरून होणारा नवरा काय काम करणारा असेल ते ओळखायचं. सतराव्या शतकातल्या मुलींचा हा चोरून करायचा उद्योग. १६९२ मध्ये अमेरिकेतल्या सेलमला चेटकाचे खटले चालले, त्यातल्या ‘पीडित’ मुलींपैकी एकीने तो करून पाहिला आणि तिला पेल्यात शवपेटी दिसली, असं जॉन हेल या पाद्र्याने लिहून ठेवलं आहे. त्याचं पुस्तक १७०२ मध्ये, तो वारल्यानंतर छापलं गेलं. मुलीचं नावही न देणाऱ्या या एवढ्याशा नोंदीवर पुढे इमल्यावर इमले चढले. चारचौघी मुली, लावून घेतलेलं दार, गंमत म्हणून केलेली जादू आणि त्यातून निघालेलं भलतंच काहीतरी. किशोरवयीन चेटकिणींच्या भयकथांचा सांगाडा म्हणतात तो हाच.

खरी मेख पुढे आहे. सेलमचं प्रकरण ज्या मुलींपासून पेटलं, त्या चेटकिणी नव्हत्या, फिर्यादी होत्या. १६९२ च्या हिवाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम व्हिलेजमध्ये पाद्री सॅम्युएल पॅरिस यांची ९ वर्षांची बेट्टी आणि त्यांच्याकडे राहणारी ११ वर्षांची अ‍ॅबिगेल विल्यम्स यांना झटके येऊ लागले. लवकरच १२ वर्षांची अ‍ॅन पुटनम त्यांना सामील झाली. मुली बोट दाखवतील त्याला अटक. १९ जणांना फाशी झाली आणि जाइल्स कोरी या म्हाताऱ्याला दगडांखाली चिरडून मारलं गेलं. कुणालाही जाळलं नाही, कारण इंग्रजी कायद्यात चेटकाला शिक्षा फाशीची होती. तरीही कादंबऱ्यांमधल्या चिता काही विझत नाहीत. पॅरिसच्या घरातल्या टिटुबा या गुलाम स्त्रीने मुलींना स्वयंपाकघरात जादू शिकवली, या लोकप्रिय दृश्यालाही खटल्याच्या कागदपत्रांत आधार सापडत नाही. ते नंतरच्या लेखकांनी रंगवलेलं आहे.

म्हणजे तीनशे वर्षांत ही मुलगी साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून उठून आरोपीच्या पिंजऱ्यात आली, आणि तिथे तिला वाचकांची सहानुभूती मिळाली. हा प्रवास टप्प्याटप्प्याने झाला.

मोठा धक्का दिला आर्थर मिलरने. १९५३ च्या ‘द क्रूसिबल’ या नाटकात त्याने अ‍ॅबिगेलचं वय वाढवून १७ केलं, सेलममध्ये फाशी गेलेल्या जॉन प्रॉक्टरचं बरंच खाली आणलं आणि दोघांमध्ये प्रेमसंबंध घातला. वय वाढवल्याची कबुली त्याने छापील टिपेतच दिली आहे. त्याचा रोख होता सिनेटर मॅकार्थीच्या काळातल्या अमेरिकेतल्या कम्युनिस्टांच्या शोधमोहिमेवर. मुलींचं वय ही त्याच्या दृष्टीने नाटकाची सोय. पण या सोयीमुळे जादू आणि तारुण्यातली वासना यांची जी गाठ बसली, ती पुढच्या कुणालाच सोडवावीशी वाटली नाही.

मुलांसाठीच्या पुस्तकांत मात्र अजून विवेकाचं राज्य होतं. एलिझाबेथ जॉर्ज स्पिअरच्या १९५८ च्या ‘द विच ऑफ ब्लॅकबर्ड पाँड’मध्ये बार्बेडोसहून कनेक्टिकटला आलेल्या १६ वर्षांच्या किटवर चेटकाचा आळ येतो. तिला पोहता येतं इथूनच लोकांच्या संशयाला सुरुवात होते, कारण चेटकीण पाण्यात बुडत नाही अशी समजूत. जादू कुठेच नाही, आहे तो शेजाऱ्यांचा खुळेपणा. पुस्तकाला न्यूबेरी पदक मिळालं. १९६४ मध्ये अ‍ॅन पेट्री या कृष्णवर्णीय लेखिकेने टिटुबाला नायिका करून किशोरांसाठी कादंबरी लिहिली. ती अधिक धाडसी होती, पण तिची चर्चा त्या मानाने कमीच होते.

या वाङ्मयाचं दुसरं मूळ रहस्यकथेत आहे. १९३० मध्ये सुरू झालेल्या, नॅन्सी ड्रू या गुप्तहेर मुलीच्या पुस्तकांनी मुलींच्या हाती टॉर्च दिला आणि एक अलिखित करारही केला: माळ्यावरचं भूत शेवटी भामटाच निघणार. हा करार मोडायचं श्रेय मी लोइस डंकनला देईन. १९७६ च्या तिच्या ‘समर ऑफ फिअर’मध्ये आईवडील अपघातात गेलेली नात्यातली बहीण ज्युलिया रेचलच्या घरी राहायला येते. घरचा कुत्रा तिच्यावर गुरगुरतो, आणि हळूहळू रेचलच्या मैत्रिणी, मित्र, आईवडील सगळेच ज्युलियाचे होतात. रेचल एखाद्या गुप्तहेरासारखी एकेक धागा जुळवते. पण उत्तर? पाहुणी खरोखरच चेटकीण असते. तपासाची पद्धत नॅन्सीची, निकाल मात्र सेलमचा. ‘माझी जागा कुणीतरी घेतंय आणि घरात कुणाला ते दिसत नाही’ ही भीती सोळाव्या वर्षी भुताच्या भीतीपेक्षा मोठी असते, हे डंकनला पक्कं ठाऊक होतं. १९७८ मध्ये वेस क्रेव्हनने त्यावर टीव्हीपट केला.

‘समर ऑफ फिअर’च्या दोन वर्षं आधी, १९७४ मध्ये, स्टीफन किंगची ‘कॅरी’ आली होती. ती मोठ्यांसाठीची, आणि कॅरी काही चेटकीण नव्हे. तिच्याकडे मनोबलाने वस्तू हलवण्याची शक्ती आहे. पण ही शक्ती पाळी सुरू होण्याच्या क्षणाशी आणि शाळेतल्या छळाशी बांधल्यामुळे वाचक पहिल्यांदाच ‘त्या’ मुलीच्या बाजूने उभा राहिला.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस स्वस्त पेपरबॅकची लाट आली. आर. एल. स्टाइनची ‘फिअर स्ट्रीट’ मालिका १९८९ ची. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी किंकाळी, पान उलटलं की कळतं मांजर होतं. मांजरांवर एवढा अन्याय दुसऱ्या कुठल्या साहित्यप्रकाराने केला नसेल. स्टाइनच्या गोष्टींतल्या फिअर घराण्यावरच्या शापाचं मूळही १६९२ मधल्या चेटकाच्या आरोपात आहे, आणि तिथेही आई-मुलीला जाळलेलंच दाखवलं आहे.

बाजू बदलली ती १९९२ मध्ये. एल. जे. स्मिथच्या ‘द सीक्रेट सर्कल’ या कादंबरीत्रयीत कॅसी नावाची मुलगी न्यू सेलम गावी येते आणि तिथल्या चेटकीवंशाच्या मुलामुलींच्या मंडळात सामील होते. चेटकीण आता शेजारच्या घरातली नव्हती, गोष्ट तिच्याच डोळ्यांनी दिसत होती. हे शक्य झालं त्यामागे आणखी एक घडामोड आहे. ब्रिटनने १७३५ चा चेटूकविरोधी कायदा १९५१ मध्ये रद्द केला, त्यानंतर तीन वर्षांनी जेराल्ड गार्डनरचं चेटकावरचं पुस्तक आलं आणि विक्का हा चेटूक मानणारा नवा धर्म उघडपणे वाढू लागला. अमेरिकेत स्त्रीवादी चळवळीने त्याला जवळ केलं. १९९६ च्या ‘द क्राफ्ट’ चित्रपटासाठी तर विक्कापंथी सल्लागार नेमलेली होती. २००१ मध्ये सुरू झालेल्या केट टियरननच्या ‘स्वीप’ मालिकेत विधी, वनस्पती, सण इतक्या बारकाईने येतात की भय काही ठिकाणी मागेच पडतं.

याच काळात डंकन सेलमकडे परतली. १९८९ मध्ये तिच्या १८ वर्षांच्या मुलीचा खून झाला होता आणि पुढची काही वर्षं तिला अशा गोष्टी लिहिवत नव्हत्या. १९९७ च्या ‘गॅलोज हिल’मध्ये शाळेच्या जत्रेत भविष्य सांगणाऱ्या साराला वर्गमित्र चेटकीण ठरवतात. इथे मुलीच फिर्यादी आणि मुलगीच आरोपी. मला ही तिची सर्वांत सुंदर नव्हे, पण सर्वांत कडवट कादंबरी वाटते.

त्यानंतरचं बरंचसं पडद्यावर घडलं. १९६२ मध्ये आर्ची कॉमिक्समध्ये विनोदी पात्र म्हणून आलेली किशोरवयीन चेटकीण सब्रिना २०१४ च्या कॉमिक्समध्ये आणि २०१८ च्या मालिकेत रक्ताने माखली. २०२१ च्या ‘फिअर स्ट्रीट’ चित्रपटत्रयीत शापाचा दोष जिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या ढकलला जातो, ती निर्दोष निघते.

त्याच सुमारास मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थ अँडोव्हरच्या एका शाळेत आठवीचे विद्यार्थी एलिझाबेथ जॉन्सन ज्युनिअर हिचे कागद धुंडाळत होते. २२ वर्षांची असताना सेलमच्या खटल्यांत तिला शिक्षा झाली होती, फाशी टळली होती, पण निर्दोष ठरवलेल्यांच्या यादीत तिचं नाव घालायचं राहून गेलं होतं. जुलै २०२२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या अर्थसंकल्पी विधेयकात एक ओळ घालून तिच्यावरचा ठपका पुसला गेला. पाठपुरावा करणारी मुलं तेव्हा साधारण अ‍ॅन पुटनमच्याच वयाची होती.