विषय शिकवतो तसं विद्यापीठ दिसतं

समजा, विद्यापीठाच्या बैठकीत ठराव आला, की वर्षाकाठी किती शोधनिबंध छापले यावरून प्राध्यापकांचं काम मोजावं. रसायनशास्त्राचे प्राध्यापक फार तर आकड्यावरून घासाघीस करतील. इतिहासाचे प्राध्यापक मात्र ठरावालाच हरकत घेतील, कारण एकेका ग्रंथापायी वर्षानुवर्षं दप्तरखान्यात घालवायची त्यांच्याकडची रीत. यात स्वार्थ असेलही, पण चांगलं काम म्हणजे काय, हेच दोघं वेगवेगळं शिकून आलेले असतात.

या फरकाचा नकाशा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अँथनी बिग्लन यांनी १९७३ मध्ये मांडला. कोणते विषय एकमेकांसारखे वाटतात, असं त्यांनी प्राध्यापकांनाच विचारलं. उत्तरांतून तीन कसोट्या निघाल्या: प्रश्न कसा सोडवायचा यावर विषयात एकमत आहे का, विषय व्यवहारोपयोगी आहे का, आणि त्याचा संबंध सजीवांशी आहे का. पहिली कसोटी मला सर्वांत बोलकी वाटते. जिथे पद्धतीवर एकमत, तिथे काम वाटून घेता येतं, सहलेखक वाढतात. जिथे ते नाही, तिथे माणूस एकटाच लिहीत बसतो.

पुढे उच्चशिक्षणाचे ब्रिटिश अभ्यासक टोनी बेचर यांनी ब्रिटन-अमेरिकेतल्या १२ विषयांच्या दोनशेहून अधिक प्राध्यापकांच्या मुलाखती घेतल्या. काही विषय त्यांना शहरासारखे दिसले: मोजक्या प्रश्नांभोवती झुंबड, चढाओढ, छापण्याची घाई. काही खेड्यासारखे: प्रश्नांचं शिवार अफाट आणि माणसं विरळ. सहकार्य, गुप्तता, घाई यांबद्दलची मतं त्या-त्या वस्तीत राहून घडतात.

हे सगळं गाइडच्या हाताखाली, नकळत अंगी मुरतं. समाजशास्त्रज्ञ मिशेल लामाँ यांनी संशोधनाला निधी देणाऱ्या अमेरिकेतल्या समित्यांचा अभ्यास केला, तेव्हा दर्जा म्हणजे काय, याच्या व्याख्या विषयागणिक बदलताना दिसल्या. अर्थतज्ज्ञांचं आपसात चटकन एकमत व्हायचं. आपल्या विषयातलं काम बाहेरच्यांना जोखता येत नाही, असा सूर तत्त्वज्ञांकडून यायचा. (हा सूर ओळखीचा वाटला, तर आश्चर्य नको.)

पण विषय माणसाला घडवतो, की तशीच माणसं त्या विषयाकडे वळतात? १९९३ मध्ये अमेरिकन अर्थतज्ज्ञ रॉबर्ट फ्रँक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की साथ द्यायची की दगा, हे निवडायला लावणाऱ्या प्रयोगातल्या खेळात अर्थशास्त्राचे विद्यार्थी इतरांपेक्षा जास्त वेळा दगा देतात आणि यात शिक्षणाचाही वाटा असावा. झुरिक विद्यापीठात मात्र ब्रुनो फ्राय आणि स्टेफान मायर या अर्थतज्ज्ञांनी खरीखुरी देणगी तपासली. तिथे दर सत्राला विद्यार्थ्यांना सामाजिक निधीसाठी ऐच्छिक रक्कम देता येत असे. व्यवस्थापनाचे विद्यार्थी कमी देत, पण ही काटकसर ते घेऊनच आले होते. शिकता शिकता ती वाढली, असं आढळलं नाही.

अर्थात हे विद्यार्थी होते. प्राध्यापकाची घडण पीएचडीपासून पहिल्या नोकरीपर्यंत आणि पुढेही चालू राहते. तिचा हिशेब लावायचा तर तीच माणसं प्रवेशापासून वर्षानुवर्षं तपासावी लागतील, आणि मध्येच विद्यापीठ सोडून गेलेलीसुद्धा.