चिलेशन

एकाच रेणूने धातूच्या आयनाला (विद्युतभारित अणूला) दोन किंवा अधिक अणूंनी धरून ठेवण्याच्या क्रियेला चिलेशन म्हणतात. असे धरणारा रेणू म्हणजे चिलेटकारक आणि तयार होणारे संयुग म्हणजे चिलेट. अमोनियाचा रेणू धातूला एकाच अणूने धरतो. तो बंध तुटला की सगळेच सुटते. चिलेटकारक मात्र खेकड्याने नांग्यांत पकडावे तसा धरतो. एक बंध तुटला तरी बाकीचे धातूला जवळच ठेवतात आणि तुटलेला बंध लगेच पुन्हा जुळतो. शिवाय एक चिलेटकारक जोडला जाताना धातूभोवतीचे पाण्याचे अनेक रेणू मोकळे होतात, एंट्रॉपी (कणांची अव्यवस्था) वाढते आणि चिलेट अधिक स्थिर होते. रक्तातले लोहयुक्त हीम आणि पानांतले मॅग्नेशियमयुक्त हरितद्रव्य ही निसर्गातली चिलेटेच.

माणसाने बनवलेल्या चिलेटकारकांत ईडीटीए सर्वाधिक वापरात आहे. फर्डिनांड म्युंझ यांनी जर्मनीत 1935 मध्ये तो तयार केला. दोन नायट्रोजन आणि चार ऑक्सिजन अशा सहा अणूंनी तो धातूला घेरतो. तो बहुतेक धातूंना धरतो, पण सारख्या जोराने नाही: शिशावरची त्याची पकड कॅल्शियमवरच्या पकडीपेक्षा सुमारे दोन कोटी पट घट्ट असते. त्याचे उपयोग आणि धोके दोन्ही या फरकातून येतात.

पाण्याचा जडपणा (त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम) मोजण्याचे अनुमापन, म्हणजे द्रावण थेंबाथेंबाने टाकून केलेले मोजमाप, रसायनशास्त्राच्या बहुतेक विद्यार्थ्यांनी केलेले असते. रसायनशास्त्रज्ञ गेरोल्ड श्वार्झेनबाख यांनी ही पद्धत 1940 च्या दशकात रूढ केली. अमोनिया बफरने सामू (पीएच) 10 च्या आसपास स्थिर ठेवून एरिओक्रोम ब्लॅक टी या रंजकाचे थेंब टाकले की ते पाण्यातल्या मॅग्नेशियमशी जुळून द्रावण रेड वाइनसारखे लाल होते. ब्युरेट या मोजनळीतून ईडीटीए पडू लागला की तो आधी मोकळे धातू धरतो आणि शेवटी रंजकाजवळचे मॅग्नेशियमही काढून घेतो. तेव्हा रंग निळा होतो. मधल्या जांभळट छटेवर थांबले तर जडपणा कमी भरतो.

पॅथॉलॉजी लॅबमध्ये सीबीसीसाठी (रक्तपेशींच्या मोजणीसाठी) रक्त घेतात त्या जांभळ्या टोपणाच्या नळीतही ईडीटीएचा पोटॅशियम क्षार असतो. तो कॅल्शियम बांधून ठेवतो आणि रक्त गोठत नाही. त्याच नळीतले रक्त चुकून दुसऱ्या नळीत ओतले तर अहवालात पोटॅशियम भलतेच वाढलेले आणि कॅल्शियम घटलेले दिसते.

महाराष्ट्रात चिलेट शेतकऱ्याच्या रोजच्या बोलण्यातले आहे. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही पिकाला मिळत नाही. उसाची कोवळी पाने पिवळी-पांढरी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. यालाच केवडा म्हणतात. अशा जमिनीत नुसते फेरस सल्फेट टाकले तर लोह लवकरच अविद्राव्य होते, म्हणून चिलेटेड फेरस वापरतात. पण ईडीटीएने बांधलेले लोहही जास्त सामूच्या मातीत फार टिकत नाही. तिथे ईडीडीएचए या दुसऱ्या चिलेटकारकाचे चिलेट अधिक कामाचे. दुकानात ‘चिलेटेड’ एवढेच पाहून पाकीट घेण्यात अर्थ नाही.

वैद्यकातली सुरुवात युद्धातली. आर्सेनिकयुक्त लेविसाइट वायूवर उतारा म्हणून ऑक्सफर्डमध्ये रुडॉल्फ पीटर्स यांच्या गटाने दुसऱ्या महायुद्धात डायमरकॅप्रॉल हे चिलेटकारक औषध शोधले. पुढे शिशाच्या विषबाधेवर ईडीटीए आला, पण तो कॅल्शियम डायसोडियम स्वरूपातच द्यावा लागतो. नुसता डायसोडियम ईडीटीए रक्तातले कॅल्शियम ओढून घेतो आणि हृदय बंद पडू शकते. नावांतल्या या साधर्म्यामुळे अमेरिकेत रुग्ण दगावले आहेत.

थॅलेसेमिया मेजर या आनुवंशिक रक्तविकारात वारंवार रक्त घ्यावे लागणाऱ्या मुलांसाठी तर चिलेशन हा जन्मभराचा सोबती. रक्ताच्या एका पिशवीतून 200 ते 250 मिलिग्रॅम लोह शरीरात येते. ते बाहेर टाकण्याची सोय शरीरात नाही, आणि हृदय व यकृतात ते साचत जाते. डेस्फेरिओक्सामाइन हे औषध स्ट्रेप्टोमायसेस जिवाणूपासून मिळते. ते परिणामकारक आहे, पण कातडीखाली सुई लावून छोट्या पंपाने आठ-दहा तास, आठवड्यातल्या बहुतेक रात्री घ्यावे लागते. औषध असूनही मुले ते टाळतात, यात नवल नाही. तोंडाने घ्यायच्या डेफेरिप्रोनला परवाना प्रथम भारतातच, 1990 च्या दशकात मिळाला. त्याने काहींच्या पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटतात, म्हणून रक्ततपासणी चुकवून चालत नाही. नंतर दिवसातून एकदा घ्यायचे डेफेरासिरॉक्स आले.

‘बायपासशिवाय धमन्या साफ’ अशी जाहिरात होणाऱ्या, शिरेतून ईडीटीए देण्याच्या चिलेशन थेरपीचा पाया मात्र कच्चा आहे. अमेरिका आणि कॅनडातल्या 1,708 रुग्णांच्या चाचणीत 2013 मध्ये थोडा फायदा दिसला, विशेषतः मधुमेहींमध्ये. मधुमेहींवरच्याच दुसऱ्या चाचणीत तो 2024 मध्ये टिकला नाही.

एमआरआयचे चित्र स्पष्ट यावे म्हणून टोचतात त्या गॅडोलिनियम धातूच्या कॉन्ट्रास्टमध्ये काम उलटे असते: तिथे धातू काढायचा नसतो, सुटू द्यायचा नसतो. मोकळे गॅडोलिनियम विषारी आहे. काही सरळ साखळीच्या चिलेटकारकांतून ते सुटल्याने मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांची कातडी आणि सांधे कडक होत असल्याचे 2006 नंतर लक्षात आले. तेव्हापासून डोटा या चिलेटकारकासारख्या वलयी रेणूंना पसंती मिळते.