रक्त सुधारले, नसा राहिल्या: बी-१२ ची पार्श्वभूमी

सांगलीकडे 'नस' हा शब्द फार सैल वापरला जातो. रक्त वाहते तीही नस आणि संवेदना वाहते तीही. पायाला मुंग्या येऊ लागल्या की 'नस दबलीय' म्हणत माणसाला मिरजेला नेतात, आणि बऱ्याचदा तो लाल इंजेक्शनांचा कोर्स घेऊन परततो. लाली कोबाल्टची, इंजेक्शन बी-१२ या जीवनसत्त्वाचे. रक्त आणि मज्जातंतू यांची अशीच गल्लत एकदा वैद्यकातही झाली होती.

यकृत खाऊ घातले की पर्निशियस ॲनिमियाचे, म्हणजे बी-१२ शोषले न गेल्याने होणाऱ्या रक्तक्षयाचे, रुग्ण वाचतात, हे १९२६ मध्ये कळले. त्यातला घटक, म्हणजे बी-१२, हाती आला तो १९४८ मध्ये. मधल्या काळात फॉलिक ॲसिड (फॉलेट या जीवनसत्त्वाचे कृत्रिम रूप) प्रयोगशाळेत तयार झाले आणि तेच या रुग्णांना दिले गेले. हिमोग्लोबिन चढले, चेहरे टवटवीत झाले. पुढे मात्र अनेकांचे पाय बधिर पडले, चाल बिघडली.

नव्या रक्तपेशींना फॉलेट आणि बी-१२ दोन्ही लागतात, पण फॉलिक ॲसिड भरपूर दिले तर रक्तापुरते बी-१२ वाचून भागते. मज्जातंतूंवरच्या मायलिनच्या वेष्टनाचे तसे नाही. बी-१२ कमी पडले की आधी ते सुजते, सुटते, मग आतला तंतू मरतो. लाल पेशी चार महिन्यांत नव्या येतात; मेंदूतल्या बहुतेक पेशी जन्माच्या सोबती.

फॉलिक ॲसिडने नसा बिघडवल्या, की रक्त सुधारल्यामुळे नसांकडे कुणी पाहिलेच नाही? हा वाद अजून पुरता मिटलेला नाही. अमेरिकेने १९९८ मध्ये पिठात फॉलिक ॲसिड सक्तीचे केले. त्याच वर्षी दिवसाला १,००० मायक्रोग्रॅमची कमाल मर्यादा ठरली, ती या जुन्या रुग्णांच्या नोंदी समोर ठेवूनच. आपल्याकडे १९७० पासून गरोदर बायकांना वाटल्या जाणाऱ्या लोहाच्या गोळीत फॉलिक ॲसिड ५०० मायक्रोग्रॅम, बी-१२ शून्य. मर्यादेच्या आत आहे, कबूल. पण ती मर्यादा मांस खाणाऱ्या देशात ठरली. इथल्या माळकरी, जैन, लिंगायत घरांत बी-१२ येते ते जवळजवळ दुधातूनच, आणि दूध जाते डेअरीला. घरात उरते चहापुरते.

मेंदूबद्दलचा ठळक पुरावा त्यामानाने अलीकडचा. २०१० मध्ये इंग्लंडातल्या एका चाचणीत विस्मरण सुरू झालेल्या १६८ वृद्धांच्या मेंदूंचे स्कॅन दोन वर्षांच्या अंतराने तपासले. बी-१२, बी-६ आणि फॉलिक ॲसिड घेणाऱ्यांचा मेंदू वर्षाला ०.७६ टक्के आक्रसला, इतरांचा १.०८ टक्के. होमोसिस्टीन (बी-१२ किंवा फॉलेट कमी पडले की रक्तात वाढणारा घटक) चढलेल्यांना फायदा जास्त. म्हणून धडधाकट माणसाने बी-कॉम्प्लेक्सच्या पट्ट्या संपवाव्यात, असा अर्थ त्यातून निघत नाही. उलट मधुमेहावर वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्याने बी-१२ तपासून घ्यावे. त्या गोळीने ते शोषले जायचे कमी होते.

२०२१ मध्ये रेशनवर फोर्टिफाइड, म्हणजे पोषक घटक घातलेले दाणे मिसळलेला, तांदूळ देण्याची घोषणा झाली. त्यात लोह, फॉलिक ॲसिड आणि अखेर बी-१२ सुद्धा, किलोमागे ०.७५ ते १.२५ मायक्रोग्रॅम. माणशी पाच किलो धान्य सगळे तांदूळच धरले तरी महिन्याला जेमतेम पाच-सहा. गरज मात्र रोजची दोनाहून जास्त. त्यातही हे मिसळलेले दाणे रंगाने जरा वेगळे, पाण्यात तरंगणारे. त्यामुळे 'प्लास्टिकचा तांदूळ आलाय' म्हणत आमच्या गल्लीत बायका ते सुपातून वेचतात आणि कोंबड्यांपुढे टाकतात.