सिंगापूर, कोविड आणि रोज येणारे दोन आकडे : पार्श्वभूमी

सिंगापूरने कोविड कसा हाताळला हे सांगायला बसलं की लोक 2003 च्या सार्स साथीपासून सुरुवात करतात, ते बरोबरच आहे. तेव्हा तिथे 238 जणांना लागण झाली आणि 33 माणसं गेली, आणि त्या धक्क्यातूनच पुढची सगळी तयारी झाली. संपर्क शोधायची यंत्रणा उभी राहिली, धोक्याच्या पातळ्या ठरल्या, आणि 2019 मध्ये तर 330 खाटांचं साथरोगांसाठीचं खास केंद्रही सुरू झालं. पैशाची चिंता नव्हतीच, 2020 या एका वर्षात चार बजेटं मांडली गेली, सगळी मिळून जवळपास 100 अब्ज सिंगापूर डॉलर, आणि त्यासाठी राखीव गंगाजळीतून 52 अब्जांपर्यंत उचलायची परवानगी घेतली. इतकी तयारी असलेला देश क्वचितच सापडेल.

पण ही सगळी तयारी हॉस्पिटल, विमानतळ आणि नागरिकांची घरं डोळ्यासमोर ठेवून झालेली. बांधकाम आणि शिपयार्डमध्ये राबणारे, मुख्यतः भारत आणि बांगलादेशातून आलेले 3 लाखांवर कामगार डॉर्मिटऱ्यांमध्ये, म्हणजे कामगारांच्या सामूहिक वसतिगृहांमध्ये, राहत होते, त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. एकेका खोलीत 12 ते 20 जण, एकावर एक लोखंडी पलंग, दोन पलंगांच्या मधल्या दोरीवर वाळत घातलेले कपडे, संडास-बाथरूम आणि स्वयंपाकघर अख्ख्या मजल्याला मिळून. त्यात 2013 मध्ये लिटिल इंडियात, म्हणजे सिंगापूरमधल्या भारतीय वस्तीच्या भागात, परदेशी कामगारांची दंगल झाली, त्यानंतर मोठ्या डॉर्मिटऱ्यांसाठी 2015 चा कायदा आला पण तो 1000 आणि त्याहून जास्त खाटा असलेल्यांनाच लागू होता. शहराच्या कडेला, आतच दुकान-कॅन्टीन असलेल्या या वसाहती म्हणजे कामगार तिकडेच राहावेत अशीच रचना होती असं माझं स्पष्ट मत आहे.

धोका कळला नव्हता असंही नाही. फेब्रुवारी 2020 मध्येच बांगलादेशी बांधकाम कामगारांमध्ये काही केसेस सापडल्या होत्या, मार्चमध्ये कामगारांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने वर्तमानपत्रात पत्र लिहून इशाराही दिला होता. 5 एप्रिलला पहिल्या दोन डॉर्मिटऱ्या सील झाल्या, आत जवळपास 20,000 माणसं. 20 एप्रिलला एका दिवसात 1,426 नव्या केसेस, बहुतेक सगळ्या डॉर्मिटरीतल्या.

आणि इथे तो निर्णय येतो ज्यावर अजून वाद आहे. रोजचे आकडे वेगळे करून दिले जायला लागले, 'कम्युनिटी' केसेस एकीकडे आणि 'डॉर्मिटरी' केसेस दुसरीकडे. सरकारी बाजू अशी की दोन्हीकडे साथ पसरायचा वेग वेगळा, टेस्टिंगचं प्रमाण वेगळं, मग एकच आकडा देऊन शहरातली परिस्थिती कळणार कशी. साथशास्त्राच्या दृष्टीने यात तथ्य आहे, ते नाकारता येत नाही. पण मोजणी वेगळी झाली तसे नियमही वेगळे झाले, आणि बातम्यांत 'कम्युनिटीत आज शून्य' असं आलं की साथ आटोक्यात आली असं सगळ्यांना वाटायचं. ज्यांनी शहरातल्या इमारती बांधल्या ते कम्युनिटीत मोडत नव्हते. डिसेंबर 2020 मध्ये हिशोब जाहीर झाला : देशातल्या एकूण केसेस 58 हजारांच्या घरात, त्यातल्या 54,505 डॉर्मिटरीतल्या. रक्ततपासणीत आधी होऊन गेलेली लागण धरली तर 3,23,000 पैकी 47 टक्के कामगारांना कोविड झालेला होता, म्हणजे जवळपास निम्मे.

उपचारात मात्र कसूर केली नाही, हेही सांगायला हवं. फुकट उपचार, जेवण, वायफाय दिलं, आजारातून उठलेल्यांना ठेवायला क्रूझ जहाजं आणि लष्करी छावण्या घेतल्या, आणि कामगार तरुण असल्याने मृत्यू अगदीच थोडे झाले.

पण त्यानंतरची कोंडी जास्त लांबली. 28 डिसेंबर 2020 पासून बाकी लोकांना आठ-आठ जणांनी एकत्र भेटायची मुभा मिळाली, कामगार मात्र काम, डॉर्मिटरी आणि ठरवून दिलेलं करमणूक केंद्र एवढ्यातच. ऑगस्ट 2021 मध्ये 80 टक्के लोकसंख्येचं लसीकरण पूर्ण झालं, आणि त्यानंतर सप्टेंबरमध्ये कुठे प्रयोग म्हणून आठवड्याला 500 कामगारांना, लस घेतलेली असेल तर आणि टेस्ट करून, लिटिल इंडियात जाऊ दिलं. डॉर्मिटरीतून बाहेर पडायला कामगारांना लागणारा पास जून 2022 मध्ये रद्द झाला, तोही सुट्टीच्या दिवशी गर्दीच्या ठिकाणी जाण्यापुरता शिल्लक ठेवून.

2023 च्या कोविडवरच्या श्वेतपत्रिकेत डॉर्मिटऱ्यांच्या बाबतीत आणखी चांगलं करता आलं असतं हे सरकारने मान्य केलं. त्याच वर्षी एप्रिलपासून 2015 चा कायदा 7 खाटांच्या डॉर्मिटरीलाही लागू झाला. नव्या डॉर्मिटऱ्यांत खोलीत जास्तीत जास्त 12 माणसं आणि दोन पलंगांत किमान एक मीटर अंतर असं ठरलं आहे, जुन्यांना आधी थोडे सौम्य निकष 2030 पर्यंत गाठायचे आहेत, आणि पूर्ण निकषांसाठी मुदत दिली आहे 2040 ची.