विश्रांतवाडीतले दोन ‘व’

पुण्यातल्या विश्रांतवाडीची इंग्रजी पाटी कधी नीट पाहिलीय? पहिल्या ‘व’ला व्ही, दुसऱ्याला डब्ल्यू. वाकड, वारजे, वाघोली, वानवडी डब्ल्यूच्या गोटात, विमाननगर व्हीच्या. वडगाव शेरीचं काय ते पाटी रंगवणाऱ्याच्या मर्जीवर. सातवीतल्या एका मुलीनं मला विचारलं, “बाई, आमच्या वाडीत एकच व आहे, मग स्पेलिंगात दोन कुठून आले?”

त्याआधी अर्धा तास मी वर्गाला ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’ म्हणून दाखवत होते. एक बनियन, दुसरी पश्चिम दिशा. वर्गाला दोन्ही एकच ऐकू येत होतं.

अशा वेळी आपण मुलांच्या जिभेला दोष देऊन मोकळे होतो. पण अडचण त्याच्या आधीच, कानात सुरू झालेली असते. कॅनडातल्या जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी 1984 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग यासाठी फार बोलका आहे. इंग्रजी घरातल्या तान्ह्या बाळांना त्यांनी हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. आवाज बदलला की मान वळवायची, मग शेजारच्या पेटीतलं खेळणं हलू लागायचं. सहा-आठ महिन्यांची बहुतेक बाळं हा फरक अचूक टिपत होती. दहा-बारा महिन्यांच्या बाळांत तो टिपणारी मोजकीच उरली. घरात जो फरक कामाचा नाही, त्याकडे मेंदू वर्षाच्या आतच काणाडोळा करू लागतो. म्हणून गोऱ्या पाहुण्याला आपलं ‘ताक’ आणि ‘टाक’ सारखंच वाटतं, आणि आपल्या पोरांना त्यांचे व्ही-डब्ल्यू.

पोरांचे कान मंद मुळीच नाहीत. फळ्यावर मी ‘चार गायी’ आणि ‘गायी चार’ लिहिलं. अक्षरं तीच, पण आकड्यातला च वेगळा आणि चारण्यातला वेगळा. लिपीत याची कसलीही खूण नाही, तरी एकही मूल चुकलं नाही. ते कुणी शिकवलं होतं?

‘व’च्या बाबतीत लिपीनं मात्र गोंधळ वाढवलाय. व्हीसाठी आपण ‘व्ह’ लिहितो: व्हॅन, व्हिडिओ. छान सोय! पण डब्ल्यूनंतर एच आला तरी ‘व्ह’च लिहितो: व्हाइट, व्हील, व्हॉट्सॲप. परिणामी रक्ताची शीर ‘व्हेन’ आणि ‘केव्हा’ हेही ‘व्हेन’. वहीत उच्चार देवनागरीत लिहून घ्यायची मुलांची सवय मला एरवी आवडते, इथे ती दगा देते.

मग पाचवी-सातवीत उशीर झालेला असतो का? नाही. कॅथरीन स्नो आणि मारियान हुफनागल-हूले यांनी नेदरलँड्समध्ये डच शिकणाऱ्या इंग्रजी भाषकांचा अभ्यास केला, तो 1978 साली आला. सुरुवातीच्या महिन्यांत सर्वांत झपाट्यानं पुढे गेली ती बारा ते पंधरा वर्षांची मुलं. सर्वांत मागे तीन ते पाच वर्षांची! बालवाडीतच इंग्रजी हवं म्हणून देणग्या भरणाऱ्या पालकांना हे सांगून पाहा, पटत नाही.

कानही नव्यानं तयार होतो. जपानी भाषकांना इंग्रजीतले र आणि ल सारखेच वाटतात. 1991 साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात त्यांना फक्त र-लचा फरक असलेल्या जोड्यांतले शब्द पाच वेगवेगळ्या माणसांच्या आवाजात पुन्हा पुन्हा ऐकवले, आणि प्रत्येक उत्तर बरोबर की चूक ते लगेच सांगितलं. त्यांचा कान सुधारला, जादू झाल्यासारखा नव्हे, पण मोजता येईल इतका. मेख आवाजांच्या विविधतेत आहे. एकट्या बाईंचा आवाज ऐकून मुलं बाईंनाच ओळखायला शिकतात. म्हणून मी आता शेजारच्या वर्गातल्या सरांना आणि दोन सहकाऱ्यांना पकडून फोनवर शब्द रेकॉर्ड करून घेते.

सोबत छोटा आरसा. व्हीला वरचे दात खालच्या ओठावर टेकतात आणि हवा घासत बाहेर पडते. डब्ल्यूला दातांचा संबंध नाही, शीळ घालताना होतो तसा ओठांचा चंबू. आपला ‘व’ या दोघांच्या मधला: ओठ दातांजवळ जातो, पण हवा घासत नाही.

आरसा त्या मुलीकडे गेला. तिनं चार-पाचदा ‘विश्रांतवाडी’ म्हणून पाहिलं, आरशावर वाफ धरली, ती बाहीनं पुसली.

“बाई, दात टेकत नाहीत. आणि चंबूपण नाही होत.”