प्लेसहोल्डर म्हणजे लेबल नव्हे

ऑनलाइन फॉर्मच्या रकान्यात फिकट अक्षरांत ‘मोबाइल क्रमांक’ दिसलं की टीममधलं कोणी ना कोणी म्हणतंच, ‘लेबल दिलंय की!’ नाही दिलेलं. तो प्लेसहोल्डर आहे. दर नव्या प्रोजेक्टला हाच वाद, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

लेबल काय ते सांगायला नको. रकान्याचं नाव, रकान्याबाहेर लिहिलेलं. वेबपानं ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलमध्ये, १९९७ च्या चौथ्या आवृत्तीपासून, त्याला स्वतःचा टॅग आहे. प्लेसहोल्डर हा रकान्यात काय लिहायचं त्याचा नमुना, तोही आतच. रंग, जागा वगैरे फरक डोळ्यांना दिसतातच.

गोची पुढे आहे. पहिलं अक्षर टाइप केलं की प्लेसहोल्डर गायब. ‘मग काय बिघडलं, तोवर वाचून झालेलं असतं ना?’ इथेच सगळे फसतात. रकान्याचं नाव भरताना लागतं, तसंच भरून झाल्यावर तपासतानाही लागतं.

शेजारच्या काकांनी एका बँकेचा फॉर्म भरला. नावाचे तीन रकाने, लेबलऐवजी नुसते प्लेसहोल्डर. भरून होताहेत तोवर फोन आला. बोलून परत आले तर समोर ‘जोशी’, ‘दत्तात्रय’, ‘प्रकाश’. आडनाव कळलं. पण दुसरा रकाना स्वतःच्या नावाचा होता की वडिलांच्या? नाव खोडल्याशिवाय कळायला मार्ग नाही. काकांची नजर चांगली आहे, स्मरणशक्तीही. तेव्हा हा प्रश्न फक्त अंध वापरकर्त्यांचा आहे, हे मला सांगू नका.

उलट अंध वापरकर्त्यांचंच नाव पुढे करून काम टाळलं जातं. ‘टॉकबॅक (अँड्रॉइड फोनवरचं, स्क्रीन मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर) वाचून दाखवतो, मग झालं!’ वाचतो, कबूल. लेबल सापडलं नाही तर ब्राउझर शेवटचा उपाय म्हणून प्लेसहोल्डरलाच नाव मानतात. त्यामुळे अपंगांना फॉर्म वापरता येईल का हे आपोआप तपासणारं टूल बऱ्याचदा हिरवी खूण देतं आणि टीम हात झटकते. एचटीएमएलच्या प्रमाणकात मात्र स्वच्छ लिहिलंय, की लेबलऐवजी प्लेसहोल्डर वापरू नये.

रंगाचंही त्रांगडंच. अक्षरं फिकट ठेवली तर उन्हात दिसत नाहीत. डब्ल्यूसीएजी, म्हणजे वेबपानं सगळ्यांना वापरता यावीत यासाठीचे नियम, त्यातल्या अक्षरं आणि पार्श्वभूमीच्या ४.५:१ कॉन्ट्रास्टसाठी गडद केली तर रकाना भरलेलाच वाटतो आणि लोक पुढे निघून जातात.

तरंगतं लेबल, म्हणजे टाइप करताच बारीक होऊन वर सरकणारं, हा मधला मार्ग म्हणून सांगतात. निदान ते नाहीसं होत नाही. पण सरकल्यावर मुंगीएवढं होतं. मला आवडत नाही. ‘स्क्रीन स्वच्छ दिसते’ हे कारण रिकाम्या फॉर्मपुरतं खरं. भरलेला फॉर्म प्रेझेंटेशनमध्ये कोण दाखवतो?

प्लेसहोल्डर अजिबात नको असं नाही. ज्याच्यावाचून अडणार नाही असा नमुना तिथे खुशाल ठेवा. पण बँकेच्या शाखेच्या आयएफएससी कोडची ‘११ अक्षरं, पाचवं नेहमी शून्य’ ही सूचना तिथे टाकलीत, तर पाचव्या अक्षराला पोचेपर्यंत ती गेलेली असते आणि माणूस शून्याऐवजी इंग्रजी ‘ओ’ दाबतो. ती लेबलखाली, रकान्याच्या वर लिहा. रकान्याखाली नको, तिथे फोनचा कीबोर्ड येतो.